दर ड्रायव्हर अपडेटनंतर कोड ४३: मायनिंगमधून आलेल्या आरएक्स ५८० चं मूळ दुखणं आणि त्यावरचा इलाज

"मामा, परत तसंच झालं." मिरजेहून भाच्याचा हा फोन वर्षभरात चौथ्यांदा आला. तक्रार तीच. रात्री संगणक व्यवस्थित बंद केलेला, सकाळी सुरू केला तर अक्षरं भलीमोठी, चित्र ताणलेलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि उघडून पाहिलं की कोड ४३, म्हणजे दोष आढळला म्हणून विंडोजने कार्ड थांबवल्याचा संदेश. कार्ड एएमडीचं आरएक्स ५८०, आठ जीबी मेमरीचं, मुंबईहून सेकंडहँड घेतलेलं. दर वेळी ओळखीतला एक मुलगा येऊन पॅचर नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचा, मशीन रीस्टार्ट करायचा आणि सगळं सुरळीत व्हायचं. दोन-अडीच महिने निवांत जायचे. मग पुन्हा तोच फोन.

चौथ्या वेळी मी त्याला म्हटलं, आता पॅचर चालवू नकोस, कार्ड काढ आणि माझ्याकडे पाठव. शनिवार-रविवार त्याच्यावर घालवले. जे सापडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० ही चारही कार्डं आज घराघरांत आहेत, त्यातली कितीतरी मायनिंगमधून, म्हणजे आभासी चलन मिळवायला दिवसरात्र गणितं करून, आलेली आहेत, आणि पॅचर म्हणजेच इलाज असं समजून लोक वर्षानुवर्षं हा त्रास काढतात.

हे परत परत का होतं

प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते. तिच्यात कार्डाचा बायॉस राहतो. कोर, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, किती मेगाहर्ट्झवर चालवायचा, कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं, किती वॅटच्या वर जायचं नाही, पंखा कधी वाढवायचा आणि मेमरीच्या चिपांशी कोणत्या तालाने बोलायचं, हे सगळे तक्ते त्यात असतात. एएमडीच्या पोलारिस पिढीत, म्हणजे २०१६ च्या आरएक्स ४८० आणि ४७० मध्ये आणि २०१७ च्या ५८० आणि ५७० मध्ये, हे तक्ते बदलून चिपवर परत लिहिता येतात. कार्ड स्वतः तक्रार करत नाही.

इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला कोरपेक्षा मेमरी जास्त लागायची. मूळ बायॉसवर ५८० सेकंदाला साधारण २२ ते २४ मेगाहॅश (मायनिंगच्या वेगाचं माप) काढायचं, मेमरीचे टायमिंग, म्हणजे तिला कामांमध्ये मिळणारी सवड, आवळले की तेच कार्ड ३० च्या आसपास जायचं. शिवाय कोरचा वेग आणि व्होल्टेज उतरवलं की विजेचं बिल कमी. त्यामुळे मायनिंगच्या रॅकवर चढलेल्या पोलारिस कार्डाचा बायॉस बदललेलाच असणार असं धरून चालावं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि ही कार्डं ढिगाने जुन्या बाजारात उतरली. चार जीबीची बरीचशी त्याआधीच आली होती, कारण मायनिंगची फाइल २०२० च्या अखेरीस त्यांच्या मेमरीत मावेनाशी झाली होती.

आता मूळ गोष्ट. कार्ड तक्रार करत नसलं तरी विंडोजमधला एएमडीचा ड्रायव्हर करतो. सुरू होताना तो बायॉसची डिजिटल सही, म्हणजे बायॉस मूळचाच आहे याची खूण, तपासतो. एक आकडा जरी बदललेला असला तरी सही जुळत नाही आणि ड्रायव्हर उभाच राहत नाही. पडद्यावर दिसतो तो कोड ४३. पॅचर हा तपासणीचा भाग ड्रायव्हरच्या फाइलमधून काढून टाकतो. म्हणजे दुरुस्ती कार्डात होत नाही, विंडोजमधल्या एका फाइलमध्ये होते. विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर आणला की ती फाइल बदलते, तपासणी परत येते आणि कोड ४३ परत येतो. गळक्या छपराखाली बादल्या बदलत राहण्यासारखं हे आहे.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ही तपासणी नाही. त्यामुळे विकणाऱ्याने लिनक्सवर कार्ड चालवून दाखवलं तर ते अगदी निरोगी दिसतं, आणि घरी विंडोजवर आणलं की आजारी पडतं. विकणारा दर वेळी फसवतच असतो असं नाही. त्याच्या मशीनवर ते खरोखर नीट चालत असतं.

पॅचरचा आणखी एक तोटा आहे. ड्रायव्हरची फाइल बदलली की तिची स्वतःची मूळ सही तुटते. चीटिंगवर पहारा ठेवणारे काही ऑनलाइन खेळ अशा ड्रायव्हरवर अडू शकतात. भाच्याचा एक खेळ सुरूच होत नव्हता, त्याचं कारण तो महिनोन्महिने इंटरनेटच्या लाइनमध्ये शोधत होता.

आधी ठरवा, दोष बायॉसचाच आहे का

फ्लॅश करायची, म्हणजे चिपवर दुसरा बायॉस लिहायची, घाई करू नका. मशीन सुरू होताना मदरबोर्डचा लोगो येतो, तिथेच रेघा, ठिपके किंवा चौकटी दिसत असतील तर बायॉस बदलून काही होणार नाही. त्या वेळी कार्डाची मेमरी अगदी हळू चालत असते, आवळलेल्या टायमिंगचा प्रश्न येतच नाही. हळू वेगातही चित्र फाटत असेल तर मेमरीची चिप किंवा तिचं सोल्डरिंग गेलं आहे. असं कार्ड चिप पातळीवर काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं लागतं.

लोगो स्वच्छ, सेफ मोड (एएमडीच्या ड्रायव्हरशिवाय सुरू होणारं विंडोज) स्वच्छ, आणि ड्रायव्हर चढला की कोड ४३ किंवा काळा पडदा, तर बायॉसवर संशय घ्यायला जागा आहे. ड्रायव्हर चढतो, डेस्कटॉप ठीक आहे, पण खेळात चमचमणारे ठिपके येतात, तर तो टायमिंगचा संशय. मायनिंगमध्ये एखादं गणित चुकलं तर तो एक हिशेब फुकट जातो, बाकी काम चालू राहतं. म्हणून मायनरला थोड्या चुका परवडायच्या. खेळात तीच चूक डोळ्यांना दिसते, कधी सगळं मशीनच गोठवते.

तिसरं लक्षण जास्त फसवं आहे. काहीही बिघडत नाही, फक्त खेळ अपेक्षेपेक्षा संथ चालतो. त्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे कोर ११००–११५० मेगाहर्ट्झवर बांधून ठेवलेला असतो. दुसरं मेमरीचं. जीडीडीआर५ मेमरीत चूक ओळखून तोच डेटा परत मागवायची सोय असते. टायमिंग जरा जास्त आवळलेले असले की चित्र फाटत नाही, पण दर क्षणी डेटा पुन्हापुन्हा मागवला जातो आणि वेग उलट कमी होतो. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम लावा, त्यात पोलारिस कार्डासाठी मेमरी एररचा आकडा दिसतो. खेळ चालू असताना तो चढत असेल तर तुमचं 'वेगवान' केलेलं कार्ड प्रत्यक्षात पाय ओढत चाललं आहे.

वीजपुरवठाही पाहून घ्या. ५८० ची अधिकृत वीजगरज १८५ वॅट आहे. मायनिंगमधून कार्डाबरोबर आलेला साटा-टू-आठपिन कन्व्हर्टर (हार्ड डिस्कच्या वायरीतून कार्डाला वीज देणारा) अजून लावलेला असेल तर तो आजच फेकून द्या. तो एवढा प्रवाह वाहण्यासाठी नाही, वितळतो. पॉवर सप्लायमधून थेट आलेली आठ पिनांची वायरच हवी.

मायनिंगचा बायॉस ओळखायचा कसा

जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. बायॉस आवृत्तीच्या ओळीशेजारी बाण असतो, त्यातून सध्याचा बायॉस फाइलमध्ये उतरवून घ्या. कितीही वाईट असला तरी उतरवून घ्याच, कारण कार्ड निदान सुरू तरी होतं ते त्याच्यावरच. कार्डाच्या वरच्या कडेला छोटं बटण असेल तर त्यावर दोन बायॉस आहेत. मशीन बंद करून बटण दुसरीकडे सरकवा, सुरू करा, तोही उतरवा. फायलींच्या नावात बटणाची बाजू लिहा. पुष्कळदा मायनरने एकाच बाजूला हात लावलेला असतो आणि दुसरी बाजू कोरी सापडते. तसं झालं तर बटण त्या बाजूला ठेवा, ड्रायव्हर स्वच्छ करून घाला, पुढचं काही करायची गरज नाही. मात्र काही कार्डांवर कंपनीनेच एका बाजूला मायनिंगला सोयीचा बायॉस दिलेला होता. त्याची सही बरोबर असते, कोड ४३ येत नाही, पण कोर उतरवलेला असतो. खेळासाठी दुसरी बाजू वापरा.

मग जीपीयू-झेडमधले आकडे वाचा. ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक) हवेत, ५७० मध्ये २०४८. नाव ५८० आणि शेडर २०४८ असतील तर दोन शक्यता. डिव्हाइस आयडी (चिपचा ओळख क्रमांक) ६एफडीएफ असेल तर ते २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं २०४८एसपी मॉडेल आहे. आयडी ६७डीएफ असेल तर कोणीतरी ५७० वर ५८० चा बायॉस चढवला आहे. नाव बदलतं, वेगाचे आकडे बदलतात, शेडर वाढत नाहीत. अशा कार्डावर ५७० चाच बायॉस परत घालायचा, हे विसरू नका. 'डिफॉल्ट क्लॉक'ची ओळ पाहा: मूळ ५८० चा बूस्ट (कोरचा कमाल वेग) १३४० मेगाहर्ट्झ, कंपनीनुसार त्याहून थोडा जास्त. तिथे ११५० दिसला की समजायचं.

खात्रीचा पुरावा हवा असेल तर उतरवलेली फाइल पोलारिस बायॉस एडिटरमध्ये उघडा. काही सेव्ह करू नका, फक्त बघा. उजवीकडे मेमरी टायमिंगचा तक्ता असतो, वेगाच्या प्रत्येक टप्प्यासमोर अक्षर-आकड्यांची लांब ओळ. मूळ बायॉसमध्ये प्रत्येक टप्प्याची ओळ वेगळी असते, कारण वेग वाढला की मेमरीला जास्त सवड द्यावी लागते. भाच्याच्या कार्डात १७५० आणि २००० या दोन्ही टप्प्यांसमोर एकच ओळ होती, अक्षर न् अक्षर तीच. १७५० ची आवळ ओळ कोणीतरी वर चिकटवली होती.

मूळ बायॉस परत घालताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बायॉस योग्य निवडला की बाकीचं काम दहा मिनिटांचं आहे.

कार्डाच्या मागच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मायनिंगच्या कार्डांची खोकी अदलाबदल झालेली असतात. जीपीयू-झेडमध्ये मेमरी कोणाची आहे ते पाहा: सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन की एल्पिडा. टेकपॉवरअप या संकेतस्थळाच्या बायॉस संग्रहात कंपनी, मॉडेल, मेमरीचा आकार हे तिन्ही जुळणारा बायॉस शोधा आणि त्याच्या पानावर मेमरी सपोर्टची यादी असते तिच्यात तुमची चिप आहे ना, ते तपासा. मायक्रॉनची मेमरी असलेल्या कार्डावर फक्त सॅमसंगचे तक्ते असलेला बायॉस गेला तर कार्ड धड सुरूही होणार नाही. 'जवळपास तेच मॉडेल' असंही चालत नाही. दुसऱ्या बोर्डाचा बायॉस घातला तर एखादा डिस्प्ले पोर्ट मुका होतो, पंखा भलत्याच वेगाने फिरतो. भाच्याच्या कार्डासाठी तीन फायली समोर होत्या. त्यातली एकच त्याच्या हायनिक्सची निघाली. दुसरी फाइल तिच्याहून नवी होती आणि मला तीच घ्यायचा मोह झाला होता.

फ्लॅश करायला एएमडी व्हीबीफ्लॅश हा प्रोग्राम. जुन्या लोकांना तो एटीआयफ्लॅश म्हणून माहीत असेल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ब्राउझर, आरजीबीचे प्रोग्राम, तापमान दाखवणारे प्रोग्राम सगळे बंद करा. मशीन यूपीएसवर हवंच. लिहिणं चालू असताना वीज गेली तर पुढचा भाग तुम्हाला वाचावा लागेल, आणि आपल्याकडे वीज विचारून जात नाही. लिहून झालं की 'व्हेरिफाइड' असं दिसतं. लगेच रीस्टार्ट करू नका, पूर्ण बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा.

दोन अडथळे येतात. एक, रॉम (बायॉसची चिप) पुसता आला नाही असा संदेश. याचा अर्थ चिपला लेखनबंदी आहे. प्रोग्राममध्ये रॉम अनलॉक करायची सोय आहे, ती वापरून पाहा. दुसरा, सबसिस्टिम आयडी (कार्डाच्या कंपनी-मॉडेलचा क्रमांक) जुळत नाही असा संदेश. इथे लोक लगेच जबरदस्तीचा पर्याय लावतात. लावू नका, आधी थांबा. जुना बायॉसच दुसऱ्या मॉडेलचा असेल तर हा संदेश येणं साहजिक आहे आणि पुढे जायला हरकत नाही. पण स्टिकर आणि फाइल यांचा मेळ तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेला नसेल तर तो संदेश तुम्हाला वाचवतो आहे.

मशीन सुरू झालं की सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर समूळ काढा. पॅच केलेली फाइल शिल्लक राहता कामा नये. मग एएमडीचा ड्रायव्हर घाला. पोलारिससाठी २०२३ च्या अखेरीपासून वेगळा संच येतो, तो बघून घ्या. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जीपीयू वर्कलोड असा पर्याय दिसला तर तो ग्राफिक्सवर आहे याची खात्री करा. मायनिंगच्या जुन्या इन्स्टॉलेशनमधून तो कॉम्प्युटवर राहिलेला असतो.

आणि मुद्दाम एकदा विंडोज अपडेट चालवा, ड्रायव्हर बदलू द्या. कोड ४३ आला नाही की दुखणं गेलं. अर्धा तास एखादा जड खेळ लावून एचडब्ल्यूइन्फोमधला मेमरी एररचा आकडा शून्यावर राहतो का तेही पाहा.

फ्लॅश फसला आणि पडदा काळा राहिला तर

घाबरू नका. मेलेलं वाटणारं पोलारिस कार्ड जवळजवळ नेहमी परत येतं. आधी हे वगळा: बायॉस जुना असेल आणि त्यात यूईएफआयचा (मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीचा) भाग नसेल, तर मदरबोर्डवर सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद असताना लोगो दिसत नाही, पण विंडोज आतून सुरू झालेलं असतं. सीएसएम चालू करून पाहा.

दोन बायॉसचं कार्ड असेल तर चांगल्या बाजूने विंडोज सुरू करा, सुरू असतानाच बटण बिघडलेल्या बाजूला सरकवा आणि त्यावर योग्य फाइल लिहा. एकच बायॉस असेल तर प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर मॉनिटर लावा, कार्ड स्लॉटमध्येच ठेवा, प्रोग्रामला कार्ड दिसलं तर परत लिहा. बिघडलेल्या बायॉसमुळे मशीन सुरूच होत नसेल तर शेवटचा उपाय पिनांचा आहे. बायॉसच्या चिपवर टिंब असतं, त्याच्या शेजारची पहिली पिन, आणि तिच्या बरोबर समोरची आठवी. या दोन पिना चिमट्याने जोडून धरल्या तर मशीन सुरू होताना ती चिप वाचलीच जात नाही. विंडोज आलं की चिमटा काढायचा आणि बायॉस लिहायचा. पिना मोजताना चूक करू नका. आठवी पिन विजेची आहे आणि चौथी ग्राउंडची, त्या दोन जोडल्या गेल्या तर नुकसान होईल. हात स्थिर नसतील तर दुसऱ्याला सोबत घ्या.

सीएच३४१ए हा चिपवर बाहेरून थेट लिहिणारा छोटा प्रोग्रामर आणि आठ पिनांची क्लिप बाजारात सहज मिळते. पण तो वापरण्याआधी चिपवरचा नंबर पाहून तिचं व्होल्टेज शोधा. नव्या पिढीच्या पुष्कळ कार्डांवर १.८ व्होल्टच्या चिपा असतात, त्यांना मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो. या प्रोग्रामरचा काळा बोर्ड डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो, हेही ध्यानात असू द्या.

मग वेग वाढवायचाच असेल तर

बायॉस बदलून कार्ड फुकटात मोठं होतं, ही समजूत उगाच आलेली नाही. डिसेंबर २०१० च्या एचडी ६९५० मध्ये बंद ठेवलेले शेडर बायॉसने उघडायचे, १४०८ चे १५३६ व्हायचे, म्हणजे प्रत्यक्ष ६९७० च. २०१६ च्या आरएक्स ४६० मध्येही ८९६ चे १०२४ करता आले. जानेवारी २०२० मध्ये तर एएमडीनेच आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येता येता नवा बायॉस दिला आणि मेमरीचा वेग १२ वरून १४ गिगाबिटवर नेला. आधी निघालेली कार्डं लोकांनी घरी फ्लॅश करून घेतली.

पण ती दारं आता बंद झाली आहेत. एनव्हीडियाच्या २०१६ च्या पास्कल पिढीपासून आणि एएमडीच्या व्हेगापासून सहीची तपासणी खुद्द कार्डातच होते. तिथे आकडे बदललेला बायॉस चालत नाही, फार तर त्याच चिपच्या दुसऱ्या कार्डाचा सही असलेला बायॉस चढवता येतो. आरएक्स ५००० आणि ६००० च्या कार्डांवर लोक मोअर पॉवर टूलने विंडोजच्या रजिस्ट्रीतून मर्यादा बदलतात, चिपला हात लावत नाहीत. ते केव्हाही चांगलं, कारण चूक झाली तर सेफ मोडमध्ये जाऊन पुसता येते.

५८० वरही माझं मत हेच आहे. मूळ बायॉस ठेवा आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवा. ११५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करून २५-२५ ने खाली या, दर टप्प्यावर अर्धा तास खेळ चालवा, गोठलं की एक पायरी वर. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते आणि कार्ड आपला बूस्ट टिकवून धरतं. खेळात जाणवणारा फरक इथून येतो. एक खाचखळगा आहे: त्या पानावर मेमरीखाली जो व्होल्टेजचा आकडा दिसतो तो मेमरीच्या चिपांचा नाही. कोरचं व्होल्टेज त्याच्याखाली उतरू शकत नाही, अशी ती तळमर्यादा आहे. वर कोरला १०५० लिहिलं आणि खाली मेमरीसमोर ११०० राहिलं तर कोरला ११०० च मिळतं. कितीतरी जण 'अंडरव्होल्ट होतच नाही' म्हणून सोडून देतात, ते यामुळे.

आणि कार्ड उघडा. रॅकवर दोन-तीन वर्षं अखंड चाललेल्या कार्डाची थर्मल पेस्ट खडूसारखी झालेली असते. भाच्याच्या कार्डात ती नखाने सुटली. नवी पेस्ट लावली, मेमरीवरचे पॅड बदलले, पंख्याचा एक बेअरिंग खरखरत होता म्हणून पंख्यांची जोडी नवी बसवली.

आता ते कार्ड १३४० मेगाहर्ट्झला १०७५ मिलिव्होल्टवर चालतं, मेमरी कंपनीने दिलेल्या २००० वरच आहे, एररचा आकडा शून्य. भर मे महिन्यात, पंख्याखाली, पंचाहत्तर अंशांच्या वर गेलं नाही. मध्ये विंडोजने दोनदा स्वतःहून ड्रायव्हर बदलला आणि भाच्याला ते कळलंही नाही. मूळ बायॉसची फाइल, आधीची मायनिंगची फाइल आणि मागच्या स्टिकरचा फोटो असं तिन्ही एका पेनड्राइव्हवर घालून तो कॅबिनेटच्या आत चिकटवून दिला आहे.